जुना बंब घेताना

सांगलीच्या जुन्या पेठेतल्या एका मोडीच्या दुकानात आम्ही गेल्या हिवाळ्यात एक तांब्याचा बंब पाहायला गेलो होतो. दुकानदाराने तो आधी काट्यावर ठेवला. मग वजन सांगितले, मग तांब्याचा भाव सांगितला आणि दोन्हींचा गुणाकार करून किंमत सांगितली. पत्रा जाड आहे, असा आता मिळत नाही, हेही सांगितले. पाणी किती वेळात तापते, लाकूड किती लागते, धूर किती होतो, असे आम्ही विचारले तेव्हा तो हसला. म्हणाला, ‘‘साहेब, तांबं आहे. तापणारच की.’’

हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक आहे हे शाळेत शिकवले जाते आणि त्याखाली उदाहरण म्हणून भांड्यांचे नाव घेतले जाते. शिकवतानाही आणि विकत घेतानाही आपण तिथेच थांबतो. या लेखात आम्ही थोडे पुढे जाणार आहोत. पुस्तकाचे परीक्षण करतात तसे एका वस्तूचे परीक्षण करायचे आहे आणि तेही जुन्या, दुसऱ्याच्या घरून आलेल्या वस्तूचे.

बंब हवा होता आमच्या आत्याला. ती वाईला एकटी राहते. घरावर सौरबंब आहे आणि वर्षातले आठ महिने तो चांगले काम देतो. पण सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात पावसाळ्याचे चार महिने सूर्याचा भरवसा नसतो आणि विजेचा त्याहून नसतो. (त्याच वेळी सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. दोन शेजारी जिल्हे, पण एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही.) तिचा जुना बंब तळाशी फुटला होता. तो फुटण्याआधी त्याच्यामुळे एक प्रसंग घडला होता, त्याविषयी पुढे सांगतो. आम्हाला त्या दुकानात नेले ते खरे त्या प्रसंगानेच.

थंड देशांत लोक जुनी लाकडाची शेगडी घेतात ती घर उबदार करायला. आपल्याकडे घर कोणी तापवत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या साहेबी बंगल्यांत भिंतीत बांधलेल्या शेकोट्या आहेत, पण त्यांच्यातली बरीचशी ऊब धुराड्यातून डोंगराला मिळते. १७९६ साली काउंट रम्फर्डने इंग्लंडातल्या शेकोट्यांविषयी हीच तक्रार केली होती. आपण अंग तापवतो, आणि तेही आंघोळीच्या पाण्याने. घराला ऊब देणारी आपली शेगडी म्हणजे बंबच.

ज्या विद्यार्थ्यांनी बंब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी रचना सांगतो. एक उभे पिंप, त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत जाणारी रुंद नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. लाकडाचे ढलपे, करवंट्या, मक्याची बुरकुंडे, जे असेल ते वरून नळीत टाकायचे. पाणी नळीच्या बाहेर आणि पिंपाच्या आत, म्हणजे आगीभोवती चारी बाजूंनी. काही बंबांना बाजूला तोटी असते. काहींना तोटीऐवजी चोच असते. नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या चोचीतून बाहेर पडते. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर असे बंब हाताने ठोकून घडवत. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनात आगीच्या नळ्या पाण्यातून नेलेल्या असतात, त्याच कल्पनेचे हे घरगुती रूप. चुलीवरच्या पातेल्याला फक्त तळाकडून उष्णता मिळते, बाजूने ज्वाळा निसटून जातात. बंबात ज्वाळेला निसटायला वाट एकच, आणि त्या वाटेच्या सगळ्या भिंती पाण्याच्या. कल्पना उत्तम आहे, हे आधी मान्य करू.

आता तांब्याकडे येऊ. उष्णता आगीकडून पाण्याकडे जाताना तिला अनेक थर ओलांडावे लागतात आणि प्रत्येक थर थोडाफार अडवतो. हा अडथळा थराची जाडी भागिले त्याची उष्णतावाहकता एवढा असतो. तांब्याची वाहकता सुमारे ४०० (वॉट प्रति मीटर प्रति अंश), साध्या पोलादाची ५० च्या आसपास, स्टेनलेस स्टीलची १५-१६. एक मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याचा अडथळा १ धरला तर तेवढ्याच पोलादाचा ८ आणि स्टेनलेसचा २५ येतो. इथपर्यंत दुकानदार जिंकतो.

पण तांब्याच्या पत्र्याला चिकटून गरम वायूचा एक जवळजवळ स्तब्ध थर असतो. वायू उष्णतेचे फार वाईट वाहक आहेत, म्हणून तर लोकरीचे कपडे ऊब देतात. बंबाच्या नळीतल्या वायूच्या वेगाला त्या थराचा अडथळा, याच मापाने, १३ हजारांच्या घरात येतो. आकडा दीडपट इकडे किंवा तिकडे झाला तरी निष्कर्ष बदलत नाही. तांब्याचा बंब असेल तर एकूण अडथळा १३,००१ आणि स्टेनलेसचा असेल तर १३,०२५. दोघांत फरक हजारात दोन भागांचा. धातू बदलून पाणी लवकर तापेल ही अपेक्षा म्हणजे अरुंद पुलावर गाड्यांची रांग लागलेली असताना पुढचा रस्ता रुंद करण्यासारखे आहे.

मग तांबे का वापरत? गंजत नाही, ठोकून हवा तो आकार घेते, फुटले तर सांधता येते आणि अडचणीच्या वेळी मोडीत चांगले पैसे देते. ही कारणे खरी आहेत आणि पुरेशीही आहेत. वाहकतेचे कारण त्यांत नंतर घुसले असावे. तव्याची गोष्ट वेगळी: तिथे ज्वाळा एकाच ठिकाणी लागते आणि उष्णता आडवी पसरायला हवी असते. त्यामुळे तांब्याच्या बुडाचा तिथे उपयोग होतो. शिक्षकांनी उदाहरण द्यायचे तर तव्याचे द्यावे, बंबाचे देऊ नये, अशी आमची सूचना आहे.

याच हिशोबात आणखी दोन थर घालून पाहा. बोअरच्या जड पाण्यामुळे आतून क्षारांचे पुट चढते. ते एक मिलिमीटर असेल तर त्याचा अडथळा ४०० च्या आसपास, म्हणजे एकूण अडथळ्याच्या ३ टक्के. क्षारांना लोक जेवढे घाबरतात तेवढे कारण नाही; तोटी तुंबते हा त्यांचा खरा त्रास. काजळीचे मात्र तसे नाही. एक मिलिमीटर काजळीचा अडथळा ४,००० च्या आसपास जातो. १३ हजार होते तिथे १७ हजार होतात. आम्ही त्या दुकानातल्या बंबाच्या नळीत हात घातला तेव्हा हाताला काजळी अशी लागली की ती नखाने खरवडून निघाली. बाहेरून तो चिंचेने घासून आरशासारखा केलेला होता.

या चकाकीची आम्ही मनात थट्टा करणार होतो, पण गणित मांडल्यावर ती मागे घ्यावी लागली. चकचकीत तांबे उष्णता फार कमी प्रारित करते. काळवंडलेले तांबे त्याच्या दहा-पंधरापट करते. २५ लिटरच्या बंबाचा बाजूचा पृष्ठभाग साधारण अर्धा चौरस मीटर. पाणी ६० अंशांवर आणि भोवतालची हवा २० अंशांवर असताना काळा पडलेला बंब प्रारणाने १०० वॉटच्या आसपास उष्णता गमावतो, चकचकीत बंब ७-८ वॉट. तासाभरात पाण्याच्या तापमानात ३ अंशांचा फरक पडतो. हवेच्या झुळकीने जाणारी उष्णता दोघांचीही सारखीच. म्हणजे बाहेरून घासण्याला अर्थ आहे, पण आतून घासण्याला त्याहून पुष्कळ जास्त अर्थ आहे, आणि आतून कोणी घासत नाही कारण ते कोणाला दिसत नाही.

जुना बंब घेताना खरी पारख करायची ती सांध्यांची. मूळ सांधे पितळी झाळीचे असतात. ते आगीतही टिकतात. नंतर कधीतरी गळती लागली की कोणीतरी कथील-शिशाचा डाग देऊन टाकतो. हा डाग करडा, मऊ असतो, खिळ्याच्या टोकाने ओरखडा काढला तर उमटतो. कथील-शिशाचे नेहमीचे मिश्रण १८३ अंशांच्या पुढे वितळू लागते आणि लाकडाची ज्वाळा तर ६००-८०० अंशांची. मग डाग टिकतो कसा?

याचे उत्तर वर्गात देता येते. जाड कागदाचा पेला घ्या, त्यात पाणी भरा आणि मेणबत्तीवर धरा. पाणी तापेल, पण कागद जळणार नाही. पाणी उकळत असेपर्यंत त्याला चिकटलेला कागद शंभर अंशांच्या फार वर जाऊच शकत नाही. पाण्याच्या पातळीच्या वर ज्वाळा लागली की मात्र कागद तिथे लगेच पेट घेतो. बंबाच्या नळीवरचा डाग पाण्याखाली असेल तर तो वर्षानुवर्षे टिकेल. तोच डाग पाण्याच्या रेषेवर असेल, किंवा कोणी आग पेटती असताना तोटीने सगळे पाणी काढून घेतले, तर काही मिनिटांत सुटेल. म्हणून तोटी कुठे आहे हे पाहावे. अगदी तळाशी तोटी असलेला बंब पेटता असताना रिकामा होऊ शकतो. चोचीचा बंब होऊ शकत नाही, कारण त्यात गार पाणी घातल्याशिवाय गरम पाणी मिळतच नाही. ज्या अनाम तांबटाने हे प्रथम केले त्याला आम्ही मनापासून नमस्कार करतो.

शिसे असलेल्या डागामुळे बंबाचे पाणी प्यायला किंवा स्वयंपाकाला वापरू नये. आणि विकत घेण्याआधी बंब काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवू द्या म्हणावे. आम्ही तसे म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा पडला. सकाळी गेलो तेव्हा बंबाखाली तळहाताएवढे ओले होते. ‘‘घाम आलाय,’’ तो म्हणाला.

बंब किती कार्यक्षम आहे हे शाळेतल्या साधनांनी मोजता येते. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २५ × ४.२ × ४० म्हणजे ४,२०० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे १६,००० किलोज्यूल असतात. समजा सव्वा किलो लाकूड लागले, तर २०,००० पैकी ४,२०० पाण्यात गेले: कार्यक्षमता २१ टक्के. तीन दगडांच्या चुलीची १० ते १५ टक्के सांगतात. शेवटी उरलेला कोळसा तोलून त्याची ऊर्जा वजा करायला विसरू नये. एका किलो कोळशात लाकडाच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा असते. आणि लाकूड ओले असेल तर सगळे गणित बिघडते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते वजनावर विकत घेणारा पाण्याचे पैसे देतो आणि मग त्याच पाण्याची वाफ करायला लाकूड जाळतो. आम्हीही हा प्रयोग केला. आमचा आकडा मुद्दाम छापत नाही, कारण एका बंबावरून बंबांची जात ठरत नाही. दहा शाळांनी दहा बंब तोलले तर मात्र काही बोलता येईल.

आतापर्यंतचे दोष दुरुस्त करता येण्यासारखे होते. आता रचनेतल्या मूळ दोषाकडे येतो. ज्या गुणाचे आम्ही वर कौतुक केले त्यातच तो आहे.

जाड तांब्याच्या तारेचे पाच-सहा वेढ्यांचे एक लहान वेटोळे करा, मेणबत्तीच्या ज्वाळेवर अलगद उतरवा. ज्वाळा विझते. तेच वेटोळे आधी तापवून लाल करा आणि उतरवा. ज्वाळा विझत नाही. तांब्याने वात झाकली नाही, हवा अडवली नाही. फक्त ज्वाळेतली उष्णता इतक्या झपाट्याने काढून घेतली की पेटते राहण्यापुरते तापमानच उरले नाही. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला तो याच तत्त्वावर.

लाकूड पेटते म्हणजे काय होते, तर तापलेल्या लाकडातून वायू आणि डांबरी वाफा निघतात आणि त्या हवेत मिसळून जळतात. त्या पूर्ण जळायला सहाशे अंशांच्या वरचे तापमान आणि थोडा वेळ लागतो. बंबाच्या नळीत त्यांना चारी बाजूंनी शंभर अंशांच्या आतली पाण्याची भिंत भेटते. भिंतीजवळची ज्वाळा अर्धवट विझते. न जळलेला भाग काजळी होऊन भिंतीला बसतो, धूर होऊन डोळ्यांत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन न दिसता न्हाणीघरात पसरतो. पाण्याला उष्णता लवकर मिळावी म्हणून आगीला पाण्याने वेढले आणि तसे करताना आगीलाच गारठवले. अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात ज्या ‘रॉकेट’ चुली केल्या त्यांत हे दोन टप्पे वेगळे केलेले आहेत. आधी उष्णतारोधक भिंतींच्या अरुंद जागेत सगळे नीट जळू द्यायचे, मग त्या गरम वायूंकडून उष्णता काढून घ्यायची. बंब दोन्ही कामे एकाच जागी, एकाच वेळी करू पाहतो.

आता तो प्रसंग. आत्याचा जुना बंब न्हाणीघराच्या कोपऱ्यात असे. पहाटे दार उघडे ठेवून ती तो पेटवी आणि धूर संपून निखारे फुलले की दार-खिडकी लावून आंघोळीला बसे. वाईच्या डिसेंबरात पहाटे खिडकी कोण उघडी ठेवील? त्या दिवशी ती बाहेर आली ती भिंत धरून. डोके ठणकत होते, मळमळत होते, पाय लटपटत होते. शेजारच्यांनी ओसरीवर बसवले. कोरोनाच्या दिवसांत घेतलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरात होते. ते ९८ दाखवत होते, म्हणून सगळे निर्धास्त झाले. रक्तदाब पाहिला गेला, उपास होता का ते विचारले गेले. बंबाचे कोणाला सुचले नाही. तासाभराने तिला बरे वाटले आणि दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा बंब पेटवला.

फोनवर हे ऐकताना आमच्या अंगावर काटा आला. धूर संपला म्हणजे धोका संपला हीच तर फसगत आहे. धूर दिसतो तो ज्वाळेच्या वेळी. निखाऱ्यांच्या वेळी धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे-अडीचशेपट घट्ट धरतो. साध्या ऑक्सिमीटरला मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने व्यापलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, दोन्हींचा लाल रंग त्याला सारखाच दिसतो. त्यामुळे तो ९८ दाखवणारच. हे आम्हाला ठाऊक होते, आत्याला नव्हते, आणि इतक्या वर्षांत आम्ही तिला ते कधी सांगितले नव्हते. प्रयोगशाळेत वायूंच्या नळकांड्यांजवळ गजर बसवून घेणारे आम्ही आणि आमच्याच घरचे न्हाणीघर.

हिशोब करून पाहा. न्हाणीघर दोन मीटर लांब, दीड रुंद, अडीच उंच: साडेसात घनमीटर. कोळशाच्या शेगड्यांवरच्या मोजणीत एका किलो कोळशामागे साधारण १०० ते ३०० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड निघताना आढळतो. आपण कमीतला कमी आकडा घेऊ. पन्नास ग्रॅम निखारे बंद खोलीत जळले तर ५ ग्रॅम वायू, म्हणजे एका घनमीटरला साडेसहाशे मिलिग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा मिनिटांसाठी घातलेली मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे. थोडी हवा दाराच्या फटीतून खेळत असते म्हणून माणसे वाचतात. गॅसच्या गिझरने बंद न्हाणीघरात माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तिथला मारेकरी हाच आहे.

‘निर्धूर’ हा शब्द आम्हाला म्हणूनच खटकतो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ साली तो गुंडाळला जाईपर्यंत देशभरात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. त्या आधी कर्क स्मिथ यांनी गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मोजयंत्रे बांधून धूर किती जातो ते मोजले होते, म्हणजे प्रश्न माहीत नव्हता असे नाही. पण कार्यक्रमात मुख्यतः दोन गोष्टी मोजल्या गेल्या: किती चुली बसवल्या आणि प्रयोगशाळेत पाणी उकळताना त्यांची कार्यक्षमता किती. उचलून नेता येण्याजोग्या धातूच्या चुलीला २५ टक्क्यांची अट होती. त्या चुलीसमोर बसलेल्या बाईच्या श्वासात काय गेले हे नोंदवण्यासाठी रकानाच नव्हता. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात ३२ लाख माणसे अकाली मेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या परिसरात काम केलेल्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याची रीत बसवली. २००२ साली तिला अॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेतात उगाच जाळल्या जाणाऱ्या पाचटाचा तो फार चांगला उपयोग आहे आणि त्या कांड्या धूर करीत नाहीत. पण बंद खोलीत त्याही कोळसाच आहेत, हे कांडीबरोबर सांगायला हवे.

उपाय साधा आहे. बंब न्हाणीघराबाहेर पडवीत ठेवायचा आणि नळीवर दीड-दोन मीटरची पत्र्याची चिमणी चढवायची. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी असेल त्यांनी काच काढून आणि काच लावून ज्योत पाहावी. काच फक्त वारा अडवत नाही, ती गरम हवेचा उभा स्तंभ तयार करते आणि खालून ताजी हवा ओढते. ही ओढ स्तंभाच्या उंचीच्या प्रमाणात असते. बंबाची स्वतःची नळी अर्ध्या मीटरची; तिच्यावर दीड मीटर चढवली की ओढ जवळपास चौपट. धूर डोक्याच्या वर जातो आणि आगही मोकळी जळते. ओढ फार वाढली तर उष्णताही वर पळते, म्हणून राखेच्या दाराला सरकता पत्रा हवा. आम्ही नळीच्या तळाच्या वीतभर भागाला आतून खापराच्या तुकड्यांचे आणि चिकणमातीचे अस्तरही लावून पाहिले. आग तिथे गरम राहते आणि धूर डोळ्यांना कळण्याइतका कमी होतो, मात्र पाणी तापायला थोडा जास्त वेळ लागतो. आत्याला तो वेळ मंजूर नव्हता. महिनाभरात तिने अस्तर फोडून काढले.

अमेरिकेत १९८८ साली नव्या लाकडाच्या शेगड्यांना धुराची मर्यादा घातली गेली. जुन्या शेगड्या मात्र टिकाऊ लोखंडाच्या, त्या एका घरातून दुसऱ्या घरात विकल्या जात राहिल्या. शेवटी ओरेगनसारख्या राज्यात प्रमाणपत्र नसलेली जुनी शेगडी घर विकताना काढूनच टाकावी लागेल असा कायदा झाला. चांगली टिकणारी वस्तू आपले दोषही टिकवून ठेवते. आपल्याकडे बंबाला असा कायदा लागू करावा असे आम्ही म्हणत नाही. आमच्या पाहण्यात बरेचसे बंब आता कुंड्या म्हणून हॉटेलांच्या दारात उभे आहेत. पण जे अजून पेटतात ते बहुधा म्हाताऱ्या माणसांच्या घरी पेटतात.

त्या दुकानातला घाम आलेला बंब आम्ही घेतला नाही. मागच्या बाजूला दुसरा एक होता, पोचे आलेला, वजनाने हलका आणि म्हणून स्वस्त. त्याला चोच होती, सांधे सगळे पितळी होते आणि नळी सरळ होती. रात्रभर भरून ठेवला, थेंब गळला नाही. दुकानदार म्हणाला, ‘‘हा कशाला घेताय साहेब, मोडीत याचं काही येणार नाही.’’

बंब आता वाईला पडवीत आहे, चिमणीसकट. आत्याची तक्रार अशी की पहाटेच्या थंडीत बादली आत आणावी लागते. आम्ही बादलीला झाकण दिले आहे आणि नळी साफ करायला नारळाच्या काथ्याचा लांब दांड्याचा कुंचा. सुट्टीत गेलो तेव्हा कुंचा खुंटीला तसाच कोरा टांगलेला होता आणि बंब बाहेरून लखलखत होता. ‘‘अरे, तुझं ते शास्त्र राहू दे, पण पाणी आता लवकर निवत नाही हो,’’ ती म्हणाली. घासल्याचा परिणाम असेल, असे आम्ही सांगितले आणि कुंचा घेऊन पडवीत गेलो.